थकल्या कोंबडीची कुळकथा

वऱ्हाडचा इतिहास सांगावयास बसलें म्हणजे कोणताहि वक्ता साधारणतः १८५३ च्या तहापासून आरंभ करतो. निजामानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवालीं केला, पुढें वणी जिल्हा बनला, १९०५ सालीं त्याचेंच नांव यवतमाळ झालें, आणि मग कापूस, जिनिंगचे कारखाने, मुर्तिजापुराकडे जाणारी ती सुप्रसिद्ध लहान रेल्वे, असा तो ओघ चालतो. आजच्या भाषणाचा विषय याहून लहान, किंबहुना कांहीं श्रोत्यांस हसूं येईल इतका लहान आहे. अंडीं देऊन देऊन थकलेली कोंबडी, तिच्या पोटांतील दुखणीं, आणि तीं दुखणीं माणसास कशीं कळत गेलीं, हा तो विषय. हसूं आलें तरी हरकत नाहीं. मात्र या कोंबडीच्या पोटांतून निघालेली एक वाट स्त्रियांच्या एका प्राणघातक रोगापर्यंत जाऊन पोंचते, एवढें ध्यानांत ठेवून पुढील थोडा वेळ ऐकावें, अशी विनंति आहे.

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडील भागांत, पांढरकवडा, वणी, मारेगांव, झरी-जामणी, राळेगांव या बाजूंस, कोलाम व गोंड यांची वस्ती मोठी आहे. कुडाच्या घराशेजारीं दोनचार कोंबड्या नाहींत असें घर तिकडे क्वचितच आढळावें. या कोंबडीला कोणी दाणा विकत आणून घालीत नाहीं. उकिरडा, खळें, वाळवी, सांडलेली ज्वारी यांवर ती जगते आणि रात्रीं डाल्याखालीं झांकली जाते. देवाला कोंबडें लागतें तें हिच्याच पिलांतून निघतें, पाहुणा आला तर त्याचें ताटहि हिच्याच वंशावर भरतें. अशी गांवठी कोंबडी दहा-पंधरा अंडीं घालते आणि खुडूक होते. खुडूक होणें म्हणजे काय, हें शहरांतील मुलांस आतां समजावून सांगावें लागतें. कोंबडी अंग फुलवून अंड्यांवर बसते, कोणी जवळ गेलें तर चोंच मारते, दिवसांतून एखादे वेळीं दाणापाण्यापुरती उठते, आणि एकवीस दिवसांनीं पिलें काढते. मग तीं पिलें पंखांखालीं घेऊन हिंडविण्यांत आणखी कित्येक आठवडे जातात. या सगळ्या काळांत ती एकहि अंडें घालीत नाहीं. असे तीनचार फेरे वर्षांत झाले, म्हणजे चाळीस ते साठ अंडीं पदरांत पडलीं. त्यांचा पैसा बहुधा घरच्या बाईचा असतो. मीठ-मिरची, बांगड्या, मुलाची पाटी-पेन्सिल हीं त्यांतून येतात, आणि नवऱ्यापुढें हात पसरावा लागत नाहीं.

ही कोंबडी मुंगुस, रानमांजर, ससाणा आणि मानमोडी यांच्या तडाख्यांतून वांचली, तर तीनचार वर्षांची होते. मग तिच्यांत जे फरक पडतात ते त्या बाईच्या नजरेंतून सुटत नाहींत. अंडें एकाएकीं कवचावांचून, नुसत्या पापुद्र्याचें पडतें. कधीं कोंबडी तासन् तास कण्हत बसते आणि अंडें येत नाहीं. कधीं अंड्याबरोबर मायांग बाहेर येतें, आणि मग इतर कोंबड्या त्या लाल भागावर चोंची मारून तिला जिवंतपणींच फाडून काढतात. कधीं पोट पाण्यानें भरलेल्या पखालीसारखें लोंबतें, पाय फांकवून ती बदकाप्रमाणें चालते, तुरा फिका पडतो. “पाणी झालें” असें म्हणून ती बाई तिला वेगळी करते. कोमट पाण्याचा शेक, तेलाचा हात, हळद, एवढीं तिचीं औषधें. तीं चाललीं नाहींत तर आठवडी बाजार, नाहींतर चूल. आणि बाजारांतहि फसवणूक सहसा चालत नाहीं. जाणती बाई कोंबडी विकत घेतांना शेपटीखालीं बोटें लावून पाहते. तेथील दोन हाडांच्या मध्यें दोनतीन बोटें मावलीं तर कोंबडी अंड्यावर आहे, आणि हाडें जवळ आलेलीं असलीं तर अंडें बंद आहे, हें तिला बोटांनींच कळतें.

हें ज्ञान आपल्या भाषेंत कोणीं लिहून ठेवावयाचें? धर्मशास्त्रानें द्विजांस ग्रामकुक्कुट वर्ज्य ठरविला. त्यामुळें ज्यांच्या हातीं लेखणी होती त्यांच्या अंगणांत कोंबडी नव्हती, आणि जिच्या अंगणांत कोंबडी होती तिला अक्षरओळख नव्हती. पांढरपेशा घरांत अंडें शिरलें तें पुष्कळदां डॉक्टरच्या सल्ल्यानें, अशक्त मुलासाठीं म्हणून, आणि तेंहि मागील दारानें. तेव्हां थकल्या कोंबडीचा लिहिलेला इतिहास पाहावयाचा तर आपणांस कांहीं वेळ परदेशांत हिंडून यावें लागेल, आणि मग पुन्हां याच डाल्यापाशीं परतावें लागेल.

आरंभ आरवणाऱ्या कोंबडीपासून करूं. म्हातारी कोंबडी एखादे दिवशीं मान उंचावून कोंबड्यासारखी आरवूं लागते, हा प्रकार फार जुन्या काळापासून लोकांनीं पाहिला आहे, आणि जेथें पाहिला तेथें बहुधा तो अशुभ मानला गेला. अॅरिस्टॉटलनें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत त्याची नोंद केली आहे. कोंबड्याशीं झुंजून जिंकलेली कोंबडी आरवूं लागते, तिचा तुरा व शेपूट उभीं राहतात, लहानशा आऱ्याहि फुटतात, असें तो सांगतो. कारण चुकलें, पण वर्णन बिनचूक आहे. युरोपच्या मध्ययुगांत मात्र या चमत्काराची भीति वाढली. स्वित्झर्लंडांतील बाझल शहरांत १४७४ सालीं एका कोंबड्यावर अंडें घातल्याचा आरोप आला. कोंबड्याच्या अंड्यांतून एक विषारी सर्पराक्षस निघतो अशी तेथें समजूत होती. त्या प्राण्यास रीतसर शिक्षा फर्मावून अंड्यासह जाहीरपणें जाळण्यांत आलें. आज असें वाटतें कीं तो कोंबडा नव्हताच. अंडाशय बिघडून कोंबड्याचें रूप आलेली ती एक वयस्क कोंबडी असावी. न्यायाधीशांस वैद्यक ठाऊक नव्हतें, आणि पशूची सुनावणी करण्याइतका फुरसतीचा वेळ मात्र होता.

पुढील पायरी तीनशें वर्षांनीं आली. लंडनचा प्रख्यात शस्त्रवैद्य जॉन हंटर यानें १७८० सालीं एका विलक्षण फेझंट पक्ष्याविषयीं निबंध वाचला. नराचीं पिसें आलेल्या या माद्या आहेत, आणि हा पालट बहुधा प्रजननाचें वय उलटल्यावर होतो, हें त्यानें शवच्छेद करून दाखविलें. टिंट नांवाच्या एका बाईजवळील लांडोरीचा दाखलाहि त्यानें दिला आहे. तिनें कितीतरी वेळां पिलें काढलीं, आणि म्हातारपणीं जुनीं पिसें झडून जीं नवीं आलीं तीं मोराचीं आलीं. १८२७ सालीं विल्यम यॅरेल यानें हा विचार आणखी पुढें नेला. वय हें खरें कारण नव्हे, अंडाशयाचा रोग हें कारण होय, आणि तो रोग तरुण मादीलाहि झाला तर हेंच घडतें, असें त्यानें सिद्ध केलें. मग १९२३ सालीं एडिंबरोच्या क्रू या शास्त्रज्ञानें एक अशी कोंबडी वर्णिली कीं जिनें पूर्वीं अंडीं घातलीं होतीं, पिलें वाढविलीं होतीं, आणि साडेतीन वर्षांची झाल्यावर जी आरवूं लागली व अखेर दोन पिलांचा बाप झाली. ती मेल्यावर पाहतां रोगानें तिच्या अंडाशयाचा नाश झालेला होता.

याचा उलगडा कोंबडीच्या शरीररचनेंत आहे. बहुतेक पक्ष्यांच्या मादींत डावा अंडाशय व डावी नलिका एवढींच वाढतात. उजवीकडील अंकुर निजलेला राहतो. डाव्याचा धाक संपला कीं हा निजलेला अंकुर जागा होतो, आणि जागा झाल्यावर तो पुष्कळदां नराच्या ग्रंथीसारखा वाढतो. अशुभ म्हणून जिची मान मुरगळली जाई ती कोंबडी वस्तुतः आजारी होती, ही गोष्ट कळण्यास माणसास दोन हजारांहून अधिक वर्षें लागलीं.

कोंबडीच्या पोटांत अंडें कसें घडतें याचा शोध इटलींत पादुआच्या विद्यापीठांत सुरू झाला. तेथील फॅब्रिशियस याचा अंडें व पिलूं यांवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६२१ सालीं निघाला. त्याचा शिष्य म्हणजे रक्ताभिसरणाचा शोधक विल्यम हार्वे. हार्वेनें १६५१ च्या आपल्या ग्रंथांत एक घरगुती गोष्ट सांगितली आहे. त्याच्या पत्नीचा एक लाडका पोपट होता. त्याचें बोलणें, त्याचें लाडें लाडें तिच्या मांडीवर येणें, यांवरून तो नर आहे अशीच सर्वांची समजूत होती. एके दिवशीं तो मेला. हार्वेनें त्याचें पोट उघडून पाहिलें तों नलिकेंत जवळजवळ पूर्ण झालेलें अंडें अडकलेलें! एवढा मोठा वैद्य, आणि घरांतील पक्षी मादी आहे हें त्याला तिच्या मरणानंतर कळलें. अंडें अडकून मरणाऱ्या असंख्य पक्ष्यांपैकीं ही एक, पण तिला इतिहासांत जागा मिळाली.

अंड्याचा प्रवास थोडक्यांत असा आहे. अंडाशयांतून पिवळा बलक सुटतो. नलिकेचें नरसाळ्यासारखें मुख त्याला झेलतें आणि तेथें तो पाऊण घटकाभर असतो. पुढील भागांत सुमारें तीन तासांत पांढरें चढतें, त्यापुढें सवा तासांत पापुद्रे बसतात, आणि शेवटच्या कवचाच्या कोठडींत तें अंडें वीस तास राहतें. कवचाला दोन ग्रॅमहून अधिक चुना लागतो. आहारांतून पुरला नाहीं तर कोंबडी तो आपल्या हाडांतून काढते. एकंदर प्रवास चोवीस तासांहून थोडा अधिक होत असल्यामुळें अंडें रोज थोडें उशिरां पडतें आणि मग एखादा दिवस चुकतो.

आतां या यंत्रांत बिघाड कोठें कोठें होतात तें पाहा. नरसाळें चुकलें तर बलक पोटाच्या पोकळींत पडतो. अमेरिकेंत मेन संस्थानांत रेमंड पर्ल व मेनी कर्टिस यांनीं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत मुद्दाम नलिका बांधून पाहिली. पोटांत पडलेले बलक शरीर मुकाट्यानें शोषून घेऊं शकतें, असें त्यांस आढळलें. म्हणजे एकट्या चुकल्या बलकानें कोंबडी मरेलच असें नाहीं. पण वय वाढतें, नरसाळें वारंवार चुकूं लागतें, आणि मागील मार्गांतील जंतू नलिकेंतून वर चढतात. बलक हें जंतूंचें उत्तम खाद्य! मग पोटांत दाह होतो, पाणी सांचतें, आणि ती पखालीसारखी लोंबण्याची अवस्था येते. कधीं नलिकेंतच दाह होऊन पांढऱ्याचे व पुवाचे खरवसासारखे थरांवर थर सांचतात. चुना कमी पडला कीं कवच येत नाहीं, आणि स्नायूंची शक्तीहि त्याच चुन्यावर अवलंबून असल्यामुळें अंडें पुढें ढकलवत नाहीं. मारेगांवच्या बाईनें ज्या गोष्टी निरनिराळीं दुखणीं म्हणून पाहिल्या होत्या, त्या अशा एकाच वाटेवरच्या निरनिराळ्या खांचा निघाल्या.

परंतु एवढ्यानें एका प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं. रानांतल्या पक्ष्यांत जें क्वचित् दिसतें तें कोंबडींतच इतकें कां? त्यासाठीं तिची कुळकथा पाहिली पाहिजे. कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, हें डार्विननें १८६८ सालीं मांडलें. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणें माणसाळलेल्या कोंबडीचे खात्रीचे सर्वांत जुने अवशेष थायलंडांतील बान नोन वाट येथील असून ते ख्रिस्तपूर्व १६५० ते १२५० या काळांतील आहेत. भात व बारीक धान्यें यांचीं शेतें आलीं, सांडलेल्या दाण्यावर रानकोंबड्या आल्या आणि राहिल्या, असें या विद्वानांचें म्हणणें. म्हणजे खळ्यावरचा दाणा टिपणारी आमची गांवठी कोंबडी आपल्या पणजीचाच धंदा आजतागायत करीत आहे. डार्विनच्या मतांत एक दुरुस्ती मात्र झाली, आणि ती आपल्या मुलखाला जवळची आहे. दक्षिणेंत दुसरा एक रानकोंबडा आहे, राखी रंगाचा. सोनेरा नांवाच्या फ्रेंच प्रवाशावरून शास्त्रज्ञांनीं त्याचें नांव ठेविलें. मध्य भारताच्या या पट्ट्यांत तांबड्याच्या व राखी रानकोंबड्याच्या प्रदेशांच्या कडा एकमेकींजवळ येतात. स्वीडनमधील उप्साला येथील शास्त्रज्ञांनीं २००८ सालीं दाखविलें कीं कोंबड्यांची पिवळी कातडी तांबड्याकडून नव्हे, तर या राखी रानकोंबड्याकडून आलेली आहे. पांढरकवड्याच्या बाजारांत पिवळ्या पायांची कोंबडी दिसली तर तिच्या पायांवर दख्खनच्या रानाची ही मोहोर आहे, असें खुशाल समजावें.

रानकोंबडी वर्षाकांठीं थोडींशींच, फार तर दहा-पंधरा, अंडीं घालते. गांवठी चाळीस-साठ घालते. येथपर्यंतची वाढ हजारों वर्षांची आहे. यापुढची चढण मात्र शंभर वर्षांत उरकली गेली. इटलींतील लिव्होर्नो बंदरावरून जिचें नांव पडलें ती लेगहॉर्न कोंबडी अमेरिकेंत गेली. कोणत्या कोंबडीनें किती अंडीं घातलीं हें मोजणारे सांपळ्याचे खुराडे निघाले, आणि कमी घालणारीचा वंश खुंटविण्यांत आला. ऑरेगॉनच्या कृषि महाविद्यालयांत जेम्स ड्रायडन यांच्या एका कोंबडीनें १९१३ सालीं वर्षांत ३०३ अंडीं पुरीं केलीं, तेव्हां त्याचा मोठा गवगवा झाला. आज पिंजऱ्यांतील संकरित कोंबडी तीनशेंचा आंकडा सहज ओलांडते, आणि त्याचें कोणास नवल वाटत नाहीं. दिवस मोठा असला कीं कोंबडी अंडीं अधिक देते, म्हणून हिंवाळ्यांत खुराड्यांत विजेचे दिवे लागले. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, खुडूक होण्याची प्रवृत्तीच निवडीनें काढून टाकण्यांत आली. खुडूक कोंबडी म्हणजे मालकाच्या हिशेबांत बुडालेले दोन महिने! अमेरिकेंतील ऑस्कर रिडल व त्यांचे सहकारी यांनीं १९३५ सालीं दाखविलें कीं प्रोलॅक्टिन हें संप्रेरक टोंचलें असतां अंड्यावरची कोंबडी खुडूक बनते. मातेला दूध आणणारें संप्रेरक तें हेंच. कोंबडीला दूध नाहीं, पण विश्रांति तिला याच रसायनानें मिळत होती.

अॅरिस्टॉटलच्या ग्रंथांत याच विषयावर एक ओझरता उल्लेख आहे. कांहीं कोंबड्या दिवसांतून दोनदां अंडें घालतात, आणि अशा अतोनात अंडीं घालणाऱ्या कांहीं लवकरच मेल्या, असें तो लिहून जातो. या ओळीकडे शतकानुशतकें कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. माझ्या मतें कोंबडीविषयीं त्यानें लिहिलेल्या सर्व गोष्टींत हीच सर्वांत मोलाची आहे.

हिंदुस्थानांत ही सुधारलेली कोंबडी आली ती विसाव्या शतकाच्या आरंभीं, आणि आरंभीं तिचे प्रचारक बहुधा मिशनरी होते. संयुक्त प्रांतांतील एटा येथील स्लेटर यांचें काम त्यांत विशेष गाजलें. इज्जतनगरला १९३९ सालीं कुक्कुटसंशोधनाचा स्वतंत्र विभाग निघाला. महाराष्ट्रांत खरा पालट झाला तो १९७१ सालीं पुण्यास बी. व्ही. राव यांनीं व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केल्यानंतर. १९८२ सालीं अंड्यांचे भाव बांधणारी समिति त्यांच्याच पुढाकारानें उभी राहिली, आणि अंडें ही बाजारपेठेंतील नेहमींची वस्तु बनली. पण गंमत अशी कीं या मोठमोठ्या शेडांत म्हातारी कोंबडी पाहावयास मिळतच नाहीं! दीड-पावणेदोन वर्षांची झाली, अंड्यांचा आंकडा उतरला, कीं ती काढून विकतात. म्हातारपणाचा रोग येण्यापूर्वींच म्हातारपण रद्द होतें. तेव्हां हीं दुखणीं खरोखर कोणास दिसतात? शहरांत हौसेनें दोनचार संकरित कोंबड्या पाळून त्यांना नांवें ठेवणाऱ्या कुटुंबांस, आणि खेड्यांत सुधारलेली कोंबडी घेतलेल्या घरांस. वनराज, गिरिराज या जाती परसांतील पालनासाठींच तयार केलेल्या आहेत. त्या गांवठीच्या दुप्पट किंवा अधिक अंडीं देतात, आणि सहसा खुडूक होत नाहींत. घेणाऱ्या बाईला पहिलीं दोन वर्षें आनंदाचीं जातात. तिसऱ्या वर्षीं पोट लोंबूं लागलें कीं ती चकित होते, कारण आजीच्या कोंबड्यांत तिनें हें इतक्या लवकर पाहिलेलें नसतें.

आतां आरंभीं म्हटलेल्या वाटेकडे वळूं. १९७१ सालींच, तिकडे इजिप्तमध्यें, महमूद फाथल्ला या स्त्रीरोगतज्ज्ञानें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत एक छोटासा लेख लिहिला. स्त्रीच्या अंडाशयांतून दर महिन्यास बीज सुटतें तेव्हां त्याचा पृष्ठभाग फाटतो आणि पुन्हां भरून येतो. हें फाटणें-भरणें अखंड चाललें तर कधींतरी पेशींची वाढ चुकून कर्करोग होत असेल काय, असा त्याचा प्रश्न होता. ज्या स्त्रियांस अनेक बाळंतपणें होतात, ज्या दीर्घकाळ अंगावर पाजतात, त्यांच्यांत हा रोग कमी आढळतो, ही गोष्ट त्याच्या तर्काशीं जुळत होती. पण प्रयोग करावयाचा कोणत्या प्राण्यावर? उंदरास व सशास हा रोग आपण होऊन सहसा होत नाहीं. ज्या प्राण्यास तो आपोआप, आणि भरपूर, होतो तो प्राणी म्हणजे वय झालेली अंड्यावरची कोंबडी. महिन्यास एक नव्हे, जवळजवळ रोज एक बीज सोडणारी! अडीच-तीन वर्षांपुढें तिच्यांत या रोगाचें प्रमाण झपाट्यानें वाढतें. अमेरिकेंतील विद्यापीठांत म्हाताऱ्या लेगहॉर्न कोंबड्यांचे कळप या कामासाठीं जतन केले गेले. खरेंच, जिला बाजारांत कवडी किंमत नाहीं तिला येथें मान मिळाला! बीज सुटण्यास आळा घालणारीं संप्रेरकें दिलीं असतां तिच्यांतील हीं अर्बुदें घटतात, असें त्या प्रयोगांत दिसून आलें. स्त्रियांतील या रोगाचा पुष्कळसा भाग खरें पाहतां नलिकेच्या टोकापाशीं सुरू होतो, असें अलीकडे मानूं लागले आहेत, त्यामुळें फाथल्ला यांचा सिद्धांत मूळ स्वरूपांत पुरा टिकला असें म्हणवत नाहीं. तरी विश्रांति मिळालेल्या अंडाशयास धोका कमी, एवढें सूत्र कायम आहे.

आणखी एक साम्य सांगितल्यावांचून राहवत नाहीं. स्त्रियांत हा रोग मुकाट्यानें वाढतो. कळतो तेव्हां बहुधा पोटांत पाणी झालेलें असतें. कोंबडींतहि तसेंच. पोट फुगणें, भूक मंदावणें, थोडें खाल्लें तरी पोट भरल्यासारखें वाटणें, अशीं लक्षणें कांहीं आठवडे टिकलीं तर घरांतील वडीलधाऱ्या बायकांनीं तें वायूवर ढकलून स्वस्थ बसूं नये. डॉक्टरांस दाखवावें.

आजारी कोंबडीसाठीं आज काय करतां येतें? पशुवैद्य पोटांतील पाणी काढून तिचा श्वास मोकळा करूं शकतो, दाहावर औषध देऊं शकतो. अडकलेल्या अंड्यास ऊब, कोमट पाण्यांत बसविणें आणि चुन्याची पुरवणी यांनीं पुष्कळदां वाट मिळते, मात्र अंडें आंत फोडण्याचा उद्योग घरीं कधीं करूं नये. बाहेर आलेलें मायांग स्वच्छ करून, साखर लावून सूज उतरवून आंत घालतात, आणि कोंबडी अंधाऱ्या जागीं एकटी ठेवतात. परदेशांत अंडें महिनोनुमहिने बंद ठेवणारी संप्रेरकाची बारीक कांडी कातडीखालीं बसवितात, कांहीं ठिकाणीं नलिकाच शस्त्रक्रियेनें काढतात. हे उपाय खर्चाचे आहेत. ज्या कोंबडीची किंमत कांहींशे रुपये, तिच्यासाठीं तालुक्याचा माणूस हजारों रुपये कसे खर्च करील? खेड्यांतील पशुवैद्यकीय दवाखान्यांत बैल, गाय, शेळी यांचाच राबता असतो. कोंबडीचा संबंध तेथें मानमोडीच्या लशीपुरता. औषध दिलेल्या कोंबडीचीं अंडीं पशुवैद्यानें सांगितलेल्या मुदतीपर्यंत खाऊं नयेत, हें मात्र गरीब-श्रीमंत सर्वांनींच पाळावें.

फुकट असा एकच उपाय आहे, आणि तो रोग होण्यापूर्वींचा आहे: संध्याकाळीं दिवा न लावणें, चुनखडी किंवा शिंपल्यांचा चुरा समोर ठेवणें, आणि कोंबडी खुडूक झाली तर तिला तशी राहूं देणें. आपल्या देशांत अनेक ठिकाणीं खुडूक मोडण्यासाठीं कोंबडीला पाण्यांत बुडवितात, डाल्याखालीं उपाशी कोंडतात, नाकपुड्यांतून तिचेंच पीस ओंवतात. चारदोन दिवस ती त्रासते आणि पुन्हां अंड्यावर येते. पांढरकवड्याकडील जिच्या घरीं वनराज आणि गांवठी अशा दोन्ही कोंबड्या आहेत, ती बाई हें करीत नाहीं. वनराज स्वतः अंडीं उबवीत नाहीं, आणि पिलें विकत आणावयाचीं तर पैसे पडतात. म्हणून गांवठी खुडूक झाली कीं तिच्या पोटाखालीं ती वनराजचींहि अंडीं सारते, वर डालें झांकते, आणि एकवीस दिवस तिला कोणी हात लावूं नये असें पोरांना बजावते.